शेऱ्याचा रकाना

संघाने दिलेल्या तक्त्यात अकरा रकाने आहेत.
उंची, अनवाणी. हात पसरून बोटापासून बोटापर्यंत.
जागेवरून उडी. धावत येऊन उडी.
शेवटचा शेऱ्याचा, सगळ्यात अरुंद,
त्यात माझं अक्षर मावत नाही.

सागरमाळावर सकाळी अजून दव आहे.
पोरं चेंडू आपटून आपटून
सिमेंट कोरडं करतायत.

इंद्रजित मोरबाळे, कागल. सहा फूट पाच.
कान चुरगळलेले. दहावीपर्यंत तालमीत होता,
मग उंची सुटली, आणि वस्तादांनीच सांगितलं,
'लेका, तुझा पट आता कुणीबी काढंल,
दुसरं कायतर बघ.'
बास्केटखाली उभा राहिला की दार लावल्यासारखं होतं.
डावा हात मात्र पाहुण्यासारखा,
नुसता शेजारी बसून.
लिहिलं: डाव्या हातावर काम हवं.

तौफिक मुजावर. पाच आठ.
मान न वळवता पास देतो.
चेंडू मोकळ्या जागेत जातो,
माणूस तिथे नंतर उगवतो.
याला रकाना नाही.
आणि पाच आठ वाचल्यावर
पुण्यातला माणूस पुढे वाचणार नाही.

मला माहीत आहे.
सत्त्याण्णव साली रेल्वेच्या निवडीला
याच भिंतीशी उभं करून
कुणीतरी माझ्या डोक्यावर पट्टी ठेवली,
म्हणाला, 'एक इंच...'
वाक्य त्याने तिथेच सोडलं.
मी ते अजून पूर्ण करतोय.

बाबा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर होते.
सौद्याच्या सकाळी रव्यावर नख ओढायचे,
कपची तोडून जिभेवर, डोळे मिटून,
आणि सांगायचे: बावड्याचं रान. नदीचं पाणी.
काहील लवकर उतरवली, गुळव्याला घाई होती.
व्यापारी मान डोलवायचे.
घरी हात धुताना मात्र वेगळंच बोलायचे,
'गूळ सौद्यात कळत नाही रे.
पावसाळ्यात कळतो.
पाझरला तर पाझरला,
राहिला तर राहिला.'
'मग सकाळी लोकांना काय सांगता?'
'भाव सांगतो. गूळ कुठं सांगतो?'

दुपारी उपांत्य सामना.
शेवटची चाळीस सेकंदं, एका गुणाने मागे,
मोरबाळेला दोन फ्री थ्रो.
पहिला कड्यावर आपटून बाहेर.
दुसरा कड्यालाही लागला नाही.
गॅलरीतून कुणीतरी ओरडलं,
'आरं, कुस्तीच बरी हुती की!'
हशा पिकला. मीही हसलो, हे लिहून ठेवतो,
कारण तक्त्यात निरीक्षकासाठीही रकाना नाही.

लोक पांगले. खडूचा स्कोअर कुणी पुसलाही नव्हता.
मी टेप गुंडाळत होतो.
कोपऱ्यातल्या मोडक्या रिंगखाली
मोरबाळे डाव्या हाताने चेंडू टाकत होता,
एकही जात नव्हता.
तौफिक खाली बसून
प्रत्येक चेंडू उचलून परत देत होता,
तसाच, न बघता,
नेमका डाव्या हातात.
कागलची पाच-चाळीसची गाडी निघून गेली.
दोघांनाही कळलं नाही, किंवा कळलं.

मग तौफिक जवळ आला.
'सर, माझी किती लिहिलीय?'
पेन हातातच होतं.
आठाचा दहा करायला
किती शाई लागते?
'पाच आठ,' म्हटलं.
'बरोबर हाय,' म्हणाला,
आणि माझीच बॅग उचलून फाटकापर्यंत आला.

रात्री लॉजवर शेऱ्याचा रकाना भरला.
दोन्ही नावांपुढे एकच,
अक्षर बारीक करून: पावसाळ्यात बघा.

सोमवारी पुण्याहून फोन.
'हे काय लिहिलंय? पावसाळ्यात कशाला?
आपलं कोर्ट इनडोअर आहे.'
म्हटलं, हो.
ते माहीत आहे मला.