आवाज बंद करून

टिपणीस बाईंच्या शोकसभेला आम्ही अकरा जण होतो,
नौपाड्यात, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये.
माईक होता. अकरा जणांसाठी माईक.
बाई असत्या तर आधी त्याच्याकडेच बोट दाखवलं असतं :
बघा, आता तुम्ही रडणार नाही, भाषण कराल.

आणि तसंच झालं.
एक जण म्हणाला, आधुनिक विचारावरचा त्यांचा प्रभाव.
दुसरा म्हणाला, प्रभाव खरा, पण उपेक्षित.
पुस्तक एकच. तीनशे प्रती. त्यातल्या निम्म्या
त्यांच्याच पलंगाखाली, वाळवीने वाचलेल्या.

मी दिवाळ्याचा, बेलापूरच्या खाडीवरचा.
पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, वडील काय करतात?
मासेमारी, म्हणालो, बाकाकडे बघत.
मग सांग, तुमच्या जाळ्याचा आस केवढा?
दोन बोटं.
म्हणजे त्याहून बारीक मासा
तुमच्या खाडीत नाहीच, असं तुमचं जाळं म्हणणार.
वर्ग हसला. मी वहीत उतरवून घेतलं.
परीक्षेत काही ते आलं नाही.

आता महाप्याला रात्रपाळी.
लोकांनी टाकलेलं बघायचं, नको ते काढायचं.
एकेकाला सात सेकंद.
काढलं. ठेवलं. काढलं. काढलं.
पहाटे चारच्या सुमाराला कधी कधी
माझी बोटं टेबलावर आपोआप आस मोजू लागतात,
सात सेकंदांतून काय काय निसटून
परत पाण्यात गेलं असेल.
शेजारच्या मृण्मयीला हे सांगितलं
तर ती म्हणाली, तू रजा टाक.

सभेत मला बोलायला सांगितलं. मी नको म्हणालो.
सांगण्यासारखं होतं ते एवढंच,
की बाई गृहपाठ द्यायच्या : रोज दहा मिनिटं
आवाज बंद करून बातम्या बघा.
मी घरी तसं बघत बसायचो तेव्हा आई वैतागायची,
टीव्ही बिघडला समजून रिमोट मांडीवर आपटायची.

हल्ली तीच बंद करते.
पुढ्यात मोरळी, परातीत ओले बोंबील,
पडद्यावर सहा चौकटींत सहा तोंडं
उघडतात, मिटतात, उघडतात.
यो जाम वरडतं, ती म्हणते,
पन बोलत कायच नाय.

टिपणीस बाईंचं नाव तिला ठाऊक नाही.
ती बोंबलाचं उघडं तोंड कापते
आणि मांजरापुढे टाकते.