आधी बॅग पेल

नावं विचारू नकोस,
सिनेमांची नावं माझ्याकडे टिकत नाहीत.
तो धुक्याचा, तो घोड्याचा, तो ज्यात शेवटी दिवा विझतो.
निबियाला तेवढं पुरतं.
तिकीटखिडकीतून ती म्हणते, एलादियो, आज धुक्याचाच आहे,
आणि मोंतेविदेओतल्या जुलैच्या गारठ्यात
थर्मास बगलेत मारून मी आत शिरतो.
सातवी रांग, खांबाच्या डावीकडे.
स्प्रिंग वर आलेली खुर्ची. सवयीची.

तर हार्विक.
तुम्हा सगळ्यांचा लाडका क्लॉड हार्विक.
दिसतो बरा. सिगारेट त्याच्याइतकी छान कुणी विझवली नाही,
हे मी भर चौकात कबूल करेन.
पण बंदरावर एकतीस वर्षं सामान उचललेल्या माणसाला
तो काय फसवणार?
घर कायमचं सोडून निघतो ना तो,
जड अंतःकरणाने, जड पावलांनी,
आणि हातातली बॅग?
शाळा सुटलेल्या पोराच्या डब्यासारखी झुलते.
अरे, आयुष्य भरलंयस ना तिच्यात?
दोन कोट, बूट, बापाचं घड्याळ, पत्रांचा गठ्ठा.
मग खांदा कुठे उतरला तुझा?
दुसरा हात कुठे लांब झाला तोल सांभाळायला?
बायका रुमाल काढतात, मी फिसकन हसतो.
मागून कुणीतरी शुक् करतं.

पेपरात लिहितात, भूमिका समर्थपणे पेलली.
आधी बॅग पेल म्हणावं.

ऑरेलिया वेन्सचं वेगळं.
विशीत मला ती फार आवडायची,
चाळिशीत त्याच सिनेमातली तिची थोरली बहीण,
जी भांडी घासता घासता सगळं ऐकते,
आणि आता, दार उघडायला येणारी म्हातारी.
मिनिटभराचं काम. पण कडी काढायला ती किती वेळ लावते!
बोटं दुखतायत, हे तिला कुणी शिकवलं नसणार.
ऑरेलिया रडते छान,
फक्त रडताना उजेड शोधते.

खलनायकांबद्दल माझी तक्रार नाही.
मेहनती माणसं. जिन्यावरून पडतात ती खरीखुरी पडतात.
आणि कॉफीच्या त्या रिकाम्या कपांबद्दल ओमारशी बोल,
तो वेटर होता, त्याचा जीव तिथे जळतो.

पण धुक्याच्या सिनेमात
हार्विक आणि ऑरेलिया फलाटावर एकमेकांना
जे काय सांगायचं ते सांगत असताना
त्यांच्या मागे, जरा पुसट, एक हमाल येतो.
बघ पुढच्या वेळी.
ट्रंकेपाशी थांबतो. आधी श्वास सोडतो.
घेत नाही, सोडतो. नवशिके घेतात.
गुडघा टेकवून ट्रंक मांडीवर, मांडीवरून खांद्यावर,
आणि मान किंचित पलीकडे कलती,
जसं कुणी कानात काही सांगतंय
आणि याला ते ऐकायचं नाहीये.
मग चौकटीबाहेर.
अकरा वेळा पाहिला. शेवटच्या पाटीपर्यंत बसलो.
टोप्या शिवणाऱ्या बाईचंही नाव आहे, त्याचं नाही.

निबियाला म्हटलं, हा नट नाहीच,
हा आमच्यातला, कुठल्यातरी स्टेशनवरून उचलून आणलेला.
ती गल्ला मोजत होती. मान वर न करता म्हणाली,
आणि त्याचीही ट्रंक रिकामी असेल तर?

त्या रात्री मी नदीकाठच्या रस्त्याने चालतच घरी गेलो.
थर्मासमधलं पाणी कोमट झालं होतं.
रिकामी असेल,
तर एकतीस वर्षांत माझी पाठ जे शिकली
ते याला नुसतं बघून आलं.
बाबा रे, टोपी काढली पाहिजे.
आणि भरलेली असेल,
तर त्याला पैसे कुणी दिले, किती दिले?

मंगळवारी विनोदी सिनेमा आहे.
विनोदी मला फारसे मानवत नाहीत, सारखी धडपड.
पण यात कपाट हलवतात म्हणे.
चार माणसं, एक कपाट.
बघू.