एका दिवसाच्या किल्ल्या

मडक्यात हात घातला, पांढरा पावटा आला.
बस्स, एवढंच.
कातडी कमावणारा स्मिकिथोस
या मावळतीपासून उद्याच्या मावळतीपर्यंत
अथेन्सचा धनी.
मोहोर त्याची, खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या,
आयुष्यात एकदाच. पुन्हा मागायची सोय नाही.

खांबांच्या सावलीत एक गुरुजी शिष्यांना म्हणाले,
"आजारी पडलात तर वैद्य पावटे काढून निवडाल?
वादळात सुकाणू देाल कुणाही येरागबाळ्याच्या हाती?"
शिष्य हसले,
झग्याचं टोक नाकाशी धरून.
स्मिकिथोसला उत्तर सुचलं नाही.

सुचलं ते रात्री, नेहमीसारखं उशिरा:
ताप कशानं आला ते वैद्याला कळतं,
पण दुखतं कुठं, हे मलाच विचारतो ना तो?
नावाड्याला तारे वाचता येतात,
जायचं कुठं, ते ताऱ्यांवर थोडंच लिहिलंय!
सांगायला कुणी जागं नव्हतं.
गोल घरात सोळा सभासद घोरत होते,
सगळेच्या सगळे पावट्यानं निवडलेले.

पहाटे झैला आली, धुतलेला झगा घेऊन.
थ्रेसची. बाजारातून आणलेली.
दंडावर हरणं गोंदलेली,
अठरा वर्षं त्याच्या हौदासाठी ओकाची साल कुटणारी.
तिच्यासाठी कुठल्याच मडक्यात
कुठल्याच रंगाचा पावटा नव्हता.
"आधी हात धुवा," ती म्हणाली,
"राज्याला वास येतोय."

किल्ल्या ठेवायच्या कुठं?
जमीन ओली, खुंटी उंच,
आणि सोळा जणांतल्या एकाचाही भरवसा नाही.
"धर जरा," तो म्हणाला.

तीन ओंजळी पाणी, चिमूटभर राख, पुन्हा दोन ओंजळी:
तेवढा वेळ
अथेन्स झैलाच्या मुठीत होतं.
चांदी, देवीचं सोनं, तहनामे,
आणि आत कुठंतरी, असलीच तर,
तिची किंमत लिहिलेली पाटी.

काही झालं नाही.
तट खचला नाही, घुबड ओरडलं नाही.
तिनं नुसतं वजन जोखलं,
ओलं कातडं जोखावं तसं,
आणि स्वतःशीच म्हणाली, एवढंच?

पुढं माणसांनी पुष्कळ लिहिलं.
सत्ता देवाची की बापाची की बहुमताची,
करार झाला म्हणतात तो कधी झाला, कुणाकुणात,
जो हजर नव्हता त्याचं काय.
बरंचसं कातड्यावरच लिहिलं,
कुणीतरी खरवडून, ताणून,
वास जाईस्तोवर धुतलेल्या.
तो पुरता जात नाही.
पानाला नाक लावून बघा.

स्मिकिथोसनं हात पुसले, पुढं केले.
झैलानं किल्ल्या दिल्या.
देण्याआधी मोजल्या.