चुंबळ

चोपडा, मे महिना, कूलर नुसताच घरघरतोय.
हिरकणबाई बाविस्कर टेबलावर पालथ्या.
दवाखान्याची उशी टोचते म्हणून
कपाळाखाली स्वतःची चुंबळ घेतलीय,
केळीच्या चिकाने काळी, लाकडासारखी कडक.

तेहतीस वर्षं घड वाहिले,
वाफ्यातून बांधावर, बांधावरून ट्रकवर.
आता मानेतून वीज उठते,
टाळूपर्यंत जाते,
फणीचा एक दात लागला तरी.
दोन महिने वेणी नाही.

मी जेल लावते.
"व माय, बरफ शे का?"
प्रोब दुसऱ्या मणक्यावर आडवा,
मग जरासा तिरपा.

पडद्यावर राखाडी थर.
केळीचा खांब सोलावा, सोपटाआड सोपट, तसे स्नायू,
आणि दोघांच्या फटीत एक काळसर ठिपका,
केळं आडवं कापलं की गाभ्यात दिसतो
तेवढाच.
आमचे सर अंगठ्याने हाड चाचपून म्हणायचे,
असेल इथेच कुठंतरी.
इथेच होती.

तांबडं-निळं लुकलुकतंय ती रोहिणी, तिला वळसा.
सुई म्हणजे एक पांढरी रेघ.
औषध ठिबकच्या नळीसारखं, सावकाश.
तीन मिली. ठिपका हलला,
थरांपासून सुटला, तरंगला.

"काय दिखस तठे?" चुंबळीत तोंड घालूनच.
"तुमची नस."
"नसच शे ना?
माले वाटे, एखादा घड उतारानाच रही गया."

दुसरी बाजू. मग वीस मिनिटं.
कापूस फिरवला. बर्फ लावला.
शेवटी सिस्टर शबानाने पर्समधली फणी दिली.
बाईंनी ती भीतभीत टेकवली,
मग ओढली, मग खसाखसा.
"मन्हं डोकं कोठे गयं व?"
हसल्या. आम्हीही.
नंतर मात्र दोन्ही तळवे डोक्यावर ठेवून
बराच वेळ बसून राहिल्या,
कुणी खाली घ्यायला येईल म्हणून थांबावं तशा.

मी सांगितलं, बधिरपणा संध्याकाळपर्यंत.
आराम कदाचित काही आठवडे, कदाचित कमी.
ओझं नको.
यावर त्या काहीच बोलल्या नाहीत,
मीही पुन्हा विचारलं नाही.
एवढंच म्हटलं, बाहेर चव्वेचाळीस आहे,
आज टाळूला ऊन लागलेलं कळणार नाही.
डोकं झाका.

त्यांनी चुंबळ उचलली,
दातांनी गाठ सोडवली, एकेक वेढा उलगडत गेल्या.
आतल्या वेढ्यांत चीक पोचला नव्हता.
लुगड्याचा तुकडा. हिरवा. बारीक फुलं.
झटकून डोक्यावर घेतला
आणि दारात थांबून
एसटीची वेळ विचारली.