दहाव्या भागात इरोदी जेवतो

साबा म्हणतो, मामा, यंत्राला गोष्ट कळत नाही,
नाव कळतं.
आधी मालिका, मग सीझन, मग भाग,
मध्ये आडवी रेघ. आणि आपल्या मनाचं काही लिहायचं नाही.

नावं ठेवायला मला कुणी शिकवावं लागलं नाही,
कुताइसीत आमच्या जिन्यावर कुणालाही विचारा.
नावं द्यायची वेळ मात्र पहिलीच.

'बंदरावरचा डॉक्टर', भाग चौदा,
कुणीतरी जुन्या कॅसेटींवरून उतरवलेले,
पुलाजवळच्या बाजारात तीस लारीला मिळाले.
डॉक्टर१. डॉक्टर_नवा. डॉक्टर_नवा_खरा.
हाच_बघ. आवाज_नाही.
एकाचं नाव नुसतंच अअअ.

आकडे दिले तर एकच्या मागे दहा येऊन बसला,
त्याच्या मागे अकरा, बारा, तेरा, चौदा,
आणि मग कुठे बिचारा दोन.
डावीकडे शून्य लाव, साबा म्हणाला.
डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे मी शाळेत
छड्या खाऊन शिकलो होतो.
लावलं. सगळे मुकाट रांगेत आले.

पोस्टर उगवलं.
पांढऱ्या कोटातला इरोदी, मागे क्रेन, क्रेनवर एक पक्षी
जो आमच्या टीव्हीवर कधी दिसलाच नव्हता.

मग साबाची भुवई वर गेली.
मामा, तुझा दहावा हा दहावा नाही.
सहावा आहे. हे बघ, यादीत.

मला माहीत आहे.

त्या हिवाळ्यात वीज यायची ती पाहुण्यासारखी, उभ्याउभ्या.
बुखुती आपल्या झिगुलीची बॅटरी उपसून
चौथ्या मजल्यावर आणायचा, दर गुरुवारी,
धापा टाकत, शिव्या देत, वेळेवर.
आम्ही अठरा जण, अंगावर कोट, एक काळापांढरा टीव्ही.
नवव्या भागात इरोदी मेला.
क्रेनखाली. सगळ्यांनी पाहिलं.
त्सिआला खालच्या मजल्यापर्यंत रडत गेली.

पुढच्या गुरुवारी स्टेशनात कुणाला थंडी वाजत असेल,
किंवा मेणबत्तीत लेबल वाचता आलं नसेल,
लागली ती सहाव्याची टेप.
इरोदी टेबलाशी बसला,
मक्याची भाकरी मोडली, लोबिओत बुडवली,
म्हणाला, मीठ कमी आहे.

मोठी माणसं हसली असतील. आठवत नाही.
मी सात वर्षांचा.
बाबा सप्टेंबरात सुखुमीकडे गेलेले,
आणि नोव्हेंबरात कुणीतरी दाराशी टोपी काढून
आईशी हळू बोलून गेलेलं.

मी बोटांवर हिशेब केला.
गुरुवार ते गुरुवार, सात दिवस.
आईला सांगितलं, मिठाची बरणी टेबलावरच ठेव.
तिने का म्हणून विचारलं नाही.
ठेवली.
मकवाला रांगायला लागली, चालायला लागली,
बरणी तिथेच.

हे साबाला सांगितलं नाही. मकवालाचा मुलगा तो,
बरणी त्याने पाहिली आहे, मिठाची म्हणूनच.
त्याने दहावा उचलला, सहाव्यात नेला,
बाकीचे एकेक घर पुढे सरकवले, दोन मिनिटांत,
आणि म्हणाला, झालं, आता गोष्ट सरळ लागेल.
छान, म्हटलं. खरंच छान.

तो झोपल्यावर मी सगळं पुन्हा विस्कटलं.
एस शून्य एक, ई दहा.
यंत्र क्षणभर गोल फिरलं, मग मान्य केलं.
त्याला काय, नाव कळतं.

आता पडद्याखाली सारांश येतो:
*या भागात डॉक्टर इरोदीचा अंत्यविधी, सारं बंदर हळहळतं.*
वर इरोदी भाकरी मोडतो,
इकडेतिकडे बघतो,
मीठ मागतो.