मिठाचे शिक्के

खेळ बनवणाऱ्या साहेबांनो,
तुम्ही कुठं बसता ठाऊक नाही.
मी उद्यमबागेत, फाउंड्रीत, दुसऱ्या पाळीला.
अकराला सुटतो, नाकात काळी वाळू.
वडगावात पोचतो तोवर शेजारचे माग थांबलेले असतात,
मग जिन्यावर बसून तुमच्यात येतो.

मी राखगोटाचा.
विचार करून निवडला नव्हता,
दिवसभर राखच बघतो म्हणून बोट तिकडं गेलं.
पुलापलीकडं मीठगोट.
रोजचं काम: मिठाचे वीस पहारेकरी पाडा,
राखेचे चाळीस शिक्के घ्या.
पाडले. घेतले. दोन वर्षं.
राखेच्या तंबूत चारशेला शिरस्त्राण मिळतं.
तेच, तसंच, मिठाच्या तंबूत चारशेला,
फक्त तुरा पांढरा.
आणि हंगाम संपला की सगळे शिक्के शून्य.
आमचा मालकसुद्धा बोनस बुडवताना
निदान तोंड लपवतो.

एक सांगतो, राग धरू नका.
पलीकडच्यानं काही लिहिलं तर तुम्ही ते मोडून दाखवता,
अक्षरांची खडी करून टाकता,
म्हणजे शत्रू शत्रू वाटावा.
हे बेळगावात चालायचं नाही.
इथं लक्कव्वाच्या गाड्यावर
मी मराठीत चहा मागतो, ती कन्नडात पैसे,
मडिवाळप्पा दोन्हीत शिव्या देतो
आणि उधारीच्या वहीत नुसत्या रेघा असतात.
रेघेला कुठली भाषा.
भांडणं होत नाहीत असं नाही.
एका नोव्हेंबरात काकानं दुकानाची पाटी
एकाच आठवड्यात दोनदा रंगवली,
आणि दोन्ही वेळा रंगारी तोच होता.

तर मागच्या मंगळवारी, मी पुलाच्या मधोमध,
आणि आमच्या गल्लीची लाइट गेली.
तिकडं मी तसाच उभा, पुतळा,
तलवार खाली, कुणीही यावं, मारून जावं.
माझ्या डोक्याची किंमत मिठात साठ.
अकरा मिनिटांनी परत आलो
तर पायाशी सात लांडगे मरून पडलेले
आणि शेजारी एक मिठाचा गडी बसलेला.
नाव: केंपु हुंज.
म्हणजे तांबडा कोंबडा, तेवढं कन्नड इथं न शिकता येतं.
मी वाकलो. तो वाकला.
त्याच्या डोक्यावर लाल आकडा तरंगला,
उणे पन्नास, आणि खाली शब्द:
गोटद्रोह.

द्रोह म्हणे.
अहो, खाल्ल्या मिठाला जागणं ते हेच की.

म्हणून मागणं आहे, अर्ज समजा.
पाडण्याचे शिक्के द्या, नको म्हणत नाही,
हाणामारी आम्हालाही आवडते.
पण पुलाची फळी बसवली त्याचेही द्या,
नवख्याला रस्ता दाखवला त्याचे,
आणि मारता येत होतं तरी मारलं नाही
ह्याचंही काहीतरी. थोडंच.
जास्त दिलंत तर लोक त्याचाही धंदा करतील,
ठरवून एकमेकांना सोडत बसतील रात्रभर.
राखेचा शिक्का मिठाच्या तंबूत चालू द्या.
बट्टा लावा, रुपयाचे दहा आणे करा,
पण घ्या.
आणि हंगामाअखेर पुसू नका, झिजू द्या.
झिजलेल्या नाण्यावरून कळतं
किती हातांतून गेलं ते.

काल पुन्हा पुलावर गेलो. कोंबडा नव्हता.
पहारेकरी वीस होते, एकोणीस पाडले.
विसावा तुमचाच, आत जीव नाही, कळतं मला,
तरी त्याच्या शेजारी बसून राहिलो
तुमचा दिवस बदलेपर्यंत.
चाळीस बुडाले.

दुपारी गाड्यावर मडिवाळप्पाला विचारलं,
काय रे, कोंबडे पाळतोस काय?
साकु की बे, म्हणाला, चहा पी.
आणि वहीतली माझ्या नावाची एक रेघ
लक्कव्वाला सांगून
स्वतःच्या नावाखाली ओढून घेतली.