रुमालाखालचा भाव

सकाळी सात. मायनर ओटीबाहेरच्या बाकड्यावर तिघं,
काल रात्रीपासून पोटात काही नाही.
ट्रेमध्ये तीन सिरिंजा. पट्टीवर नुसतं क, नाहीतर ख.
एक मॉर्फीन, एक पेथिडीन,
कुठलं कोणतं ते सीलबंद पाकिटात,
पाकीट सरांच्या कपाटात,
आणि किल्ली घेऊन सर गारगोटीला, पुतण्याच्या लग्नाला.

मी टोचते, पाऊण तास थांबते, हाक मारते,
आकडा लिहिते.
शून्य : टक्क जागा.
एक : पेंगतोय.
दोन : डोळे मिटलेले, हाकेला ओ देतो.
तीन : खांदा हलवल्याशिवाय नाही.

हुपरीच्या आक्काताई मुधाळे, मनगटावर गाठ.
नाक खाजवत म्हणाल्या, घुंगरं मोजून घ्या हां,
परवा सात कमी भरली.
क. एक.

केएमटीचे ड्रायव्हर इलाही मुल्लाणी.
झोप नाहीच. पिवळं पाणी ओकले,
वर मलाच म्हणाले, सॉरी मॅडम, गचका बसला.
ख. शून्य. खाली टीप : उलटी.

मग बाबगोंडा मगदूम. पाठीवर चरबीची गाठ, लिंबाएवढी.
शाहूपुरीत गुळाची अडत, चाळीस वर्षं.
"मी काय भीत न्हाई, पर ह्यो दिवा लई मोठा हाय."
पाऊण तासानं हाक मारली. ओ नाही.
खांद्याकडे हात नेला, तर
तो मधेच धरून हिरव्या चादरीखाली ओढला
आणि माझी बोटं चाचपू लागले.

दोन बोटं. थांबले.
मग तीन, आणि तळहातावर अंगठ्याचा एक दाब.
पूर्वी असाच ठरायचा म्हणे भाव,
रुमालाखाली, तोंडातून अक्षर न काढता.
मी काय विकत होते?
घाबरून करंगळी आखडली.
ते झोपेतच हसले : "न्हाई परवडत."
पुन्हा तीन बोटं. पुन्हा दाब.
मी हात सैल सोडला.

आता हा दोन की तीन?
हाकेला ओ नाही, पण हात जागा.
मोमीन सिस्टर म्हणाल्या, लिहा कायतरी,
सर्जन हात धुऊन उभे आहेत.
दोन लिहिलं. खोडलं. पुन्हा दोन लिहिलं.

पाकीट फुटलं दिवाळीनंतर.
झोपेत म्हणण्यासारखा फरक नाही,
ओकाऱ्या तेवढ्या ख ला जास्त.
प्रबंधात साडेतीन ओळी.

त्याच्या कितीतरी आधी, टाके काढायला आले तेव्हा
मगदूमांनी टेबलावर गुळाचा रवा ठेवला,
इकडेतिकडे पाहिलं, आवाज उतरवला :
"डॉक्टरीणबाई, त्या दिवशी कितीला सुटलं?"

मी खिशात रुमाल शोधू लागले.